पिंजऱ्यातल्या चित्त्यांना पिल्लं होत नाहीत, खोट त्यांच्या रक्तात का आपल्या ठेवण्यात?

माळावरचा_सोलापूरकर

रविवारी पहाटे आम्ही चौघं नान्नजला गेलो होतो. माळढोक नाही दिसला पण काळवीटांचा मोठा कळप दिसला, एक काळाभोर नर अगदी रस्त्यालगत उभा राहून आमच्याकडं बघत होता. येताना बार्शी रोडच्या टपरीवर चहाला थांबलो आणि विषय निघाला कुनोचा, म्हणजे मध्य प्रदेशातल्या ज्या जंगलात आफ्रिकेतून चित्ते आणून ठेवलेत त्याचा, तिथल्या मुखी या मादीला नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच पिल्लं झाली तो. तर आमच्यातला एकजण म्हणाला, "सोड रे, चित्त्याचं रक्तच संपलंय, सगळे एकमेकांचे भाऊबहीण, पिंजऱ्यात ठेवा नायतर राजवाड्यात ठेवा, ही जात वाढायची नाही." तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून दोन आठवडे जमेल तेवढं वाचलं आणि आता लिहितोय. माझं मत सरळ आहे, बंदिवासात चित्त्याला पिल्लं होत नाहीत यात चित्त्याचा दोष कमी, आपला जास्त.

जहांगीर बादशहानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय की त्याच्या बापानं, म्हणजे अकबरानं, एका वेळी हजार चित्ते जमवले होते, त्यांचं जुळावं अशी त्याची लई इच्छा होती, बागेतसुद्धा नर-मादी एकत्र सोडून बघितले, काही उपयोग झाला नाही. आणि मग १६१३ च्या सुमारास एक नर गळ्यातला पट्टा सोडवून आपणहून मादीकडं गेला आणि तिला तीन पिल्लं झाली. हजार चित्ते, बादशहाची मर्जी, आणि जमलं कधी, तर जनावर स्वतःच्या मनानं गेलं तेव्हा! त्यानंतर बंदिवासातल्या जन्माची पक्की नोंद सापडते ती थेट १९५६ ची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली, आणि ती पिल्लंही काही महिन्यांतच गेली. आईनंच सांभाळून मोठी केलेली पिल्लं इंग्लंडात व्हिपस्नेडला १९६७ साली. म्हणजे साडेतीनशे वर्षं माणूस चित्ते पाळत होता, आपल्या कोल्हापूर संस्थानात तर काळवीटाच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जायचे, पण त्यांना पिल्लं होत नव्हती, दरवेळी रानातून नवीन धरून आणायचे.

मग बदललं काय? दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळ डी विल्ट म्हणून जागा आहे, ॲन व्हॅन डाइक या बाईंनी १९७१ मध्ये घरच्या शेतावर सुरू केली. तिथं नर आणि मादी लांब लांब ठेवतात, माद्या एकेकट्या, नर टोळीनं. आणि माद्यांच्या कुंपणालगत एक लांब गल्ली काढलेली. नरांना त्या गल्लीतून चालवत नेतात, नर वास घेत जातो आणि ज्या मादीपाशी तो अडखळून थांबतो, तोंडानं तुटक तुटक भुंकल्यासारखा आवाज काढायला लागतो, त्या मादीचं फाटक उघडतात. बस. शेकडो पिल्लं झाली तिथं. रक्त तेच होतं की, गल्ली नवीन होती.

रानात चित्त्याची मादी एकटी राहते. नर भेटतो तो तेवढ्यापुरता, दोनतीन दिवस, मग ती पुन्हा एकटी. आपण काय करत होतो, जोडी म्हणून नर-मादी वर्षभर एका पिंजऱ्यात, नायतर दोन माद्या मैत्रिणी म्हणून शेजारी. अमेरिकेत संशोधकांनी विष्ठेतले हार्मोन मोजून बघितलंय, दोन माद्या एकत्र ठेवल्या की त्यांची पाळी दबते, वेगळ्या केल्या की परत सुरू होते. मादी वांझ नव्हतीच हो, तिला शेजारीण नको होती.

तुमचं काय म्हणणं?

सूक्ष्मदर्शकाखाली

दादा, कळकळीनं लिहिलंय, पण जनुकांची बाजू तुम्ही फारच सहज बाजूला सारली. मी लॅबमध्ये काम करते (चित्त्यांवर नाही, पण जनुकं हाच विषय), म्हणून राहवलं नाही.

साधारण १० ते १२ हजार वर्षांपूर्वी चित्त्यांची संख्या एकदम कोसळली, जे थोडे वाचले त्यांच्यातच पुढं पिढ्यानपिढ्या संबंध होत गेले. १९८० च्या दशकात स्टीफन ओब्रायन यांच्या गटानं एका चित्त्याची कातडी दुसऱ्या, नात्यात नसलेल्या चित्त्यावर लावून बघितली. माणसात असं केलं तर शरीर ती परकी कातडी दोनेक आठवड्यांत झिडकारतं. चित्त्यांच्या अंगानं ती आपलीच समजून धरून ठेवली. याचा अर्थ त्यांच्या प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायचीच अडचण. आणि त्याचा परिणाम लगेच दिसला, अमेरिकेत ओरेगॉनच्या एका सफारी पार्कमध्ये ४२ चित्ते होते, १९८२-८३ ला मांजराला होतो तो कोरोना विषाणूचा आजार शिरला आणि निम्म्याहून जास्त चित्ते मेले. त्याच पार्कातल्या सिंहांना काहीही झालं नाही!

आणि नराचं रेत. सरासरी ७० टक्के शुक्राणू बिघडलेले असतात, शेपटी गुंडाळलेली, डोकं वाकडं. हे मी मनानं सांगत नाही, वेगवेगळ्या देशांतल्या चित्त्यांत तसंच दिसलंय. अशा जनावराला पिल्लं होत नाहीत म्हणून पिंजऱ्याला दोष देणं म्हणजे पेशंटचा ताप सोडून खोलीच्या रंगावर बोलणं झालं.

गल्ली काढून पिल्लं होतील हो. पण त्याच त्या थोड्या नरांची पिल्लं वाढवत गेलो तर पुढची पिढी अजून अडचणीत. संख्या वाढली म्हणून जात वाचली असं नसतं.

माळावरचा_सोलापूरकर

ताई, रेताचा मुद्दा मीही वाचला, पण त्यातलीच एक गोष्ट तुम्ही सोडली. ते बिघडलेले ७० टक्के फक्त पिंजऱ्यातल्या नरांचे नाहीत, रानातल्या नरांचेही तेवढेच आहेत. आणि रानातल्या माद्या तर बिनबोभाट गाभण राहतात, पिल्लं मोठी होऊन वेगळी झाली की लगेच पुढची वेत. सेरेंगेटीत पिल्लं मरतात ती सिंहांमुळं, तिथं शंभरातली पाचच्या आसपास मोठी होतात, पण जन्माला तर येतात ना. मग तेच रेत, तीच जनुकं, आणि रानात पिल्लं पण पिंजऱ्यात नाहीत, तर फरक कशाचा? पिंजऱ्याचाच की.

आणि कातडीच्या प्रयोगाबद्दल, नंतर नामिबियातल्या रानटी चित्त्यांचे नमुने जास्त संख्येनं तपासले तेव्हा प्रतिकारशक्तीच्या जनुकांत आधी वाटलं होतं त्यापेक्षा बरीच विविधता निघाली. म्हणजे तो विषय तिथंच संपला असं नाही.

जनावरांचा_डॉक्टर_बार्शी

नमस्कार. मी गाईम्हशींचा डॉक्टर, चित्ता फक्त फोटोत बघितलाय, तरीपण हा विषय वाचून लिहावंसं वाटलं कारण रोजचं काम हेच आहे, माज ओळखणं आणि गाभण राहणं.

ताई, वळूचं रेत आम्ही तपासतो तेव्हा किमान ७० टक्के शुक्राणू चांगले लागतात. तुम्ही सांगताय तिथं ७० टक्के खराब. वळू असता तर त्याच दिवशी बाद केला असता. म्हणून तुमचा मुद्दा मला पटतो, तो हलका नाही. पण दादांचाही चुकीचा नाही, कारण उरलेले ३० टक्के योग्य वेळेला पोचले तर काम होतं. सगळा घोळ वेळेचा आहे.

आमच्याकडं म्हशीत मुका माज असतो. म्हैस माजावर येते पण ओरडत नाही, बळस (चिकट स्राव) टाकत नाही, मालकाला कळतच नाही आणि तो म्हणतो डॉक्टर, माझी म्हैस भाकड. चित्त्याच्या मादीचं तेच आहे. तिचा माज बाहेरून जवळजवळ दिसत नाही, आणि तिच्यात अंडं बहुतेक वेळा संबंध आल्यावरच सुटतं, मांजरीसारखं. म्हणजे माज ओळखता आला नाही तर सगळंच हुकलं. म्हणून ती गल्ली मला लई शहाणपणाची वाटली, माणसाला कळत नाही तिथं नराच्या नाकाला विचारायचं.

आणि लांब ठेवायचं म्हणताय ना, ते तर आमच्या उस्मानाबादी शेळ्यांत बघा. वैरागकडं एका शेतकऱ्याचा बोकड वर्षभर कळपातच असायचा, शेळ्या कधीही कशाही माजावर यायच्या. मी म्हणलं बोकड महिनाभर एवढा लांब बांधा की वाससुद्धा येता कामा नये. बांधला, शेजारच्या वस्तीवर. महिन्यानं आणला तेव्हा मी तिथंच होतो, बोकड फाटकातून आत आला, वरचा ओठ वर करून हवेत मान ताणली, आणि ज्या शेळ्या एरवी त्याच्याकडं बघत नव्हत्या त्या चाऱ्यातून तोंड काढून त्याच्याकडं वळल्या. पुढच्या आठदहा दिवसांत बऱ्याचशा माजावर. नवीन नर हेच औषध. चित्त्याच्या मादीला रोज तोच नर दाखवला तर ती त्याला भाऊच समजणार की.

अजून एक, यावर कुणी लिहिलं नाही म्हणून. मादी वर्षानुवर्षं रिकामी राहिली तर तिचं गर्भाशय खराब होतं, आतल्या अस्तराला पाण्याच्या पुटी धरतात. रानात ती आयुष्यातला बहुतेक काळ एकतर गाभण नायतर पिल्लांमागं असते, पाळी यायला सवडच नसते. पिंजऱ्यात नुसत्या पाळ्याच पाळ्या. सातआठ वर्षांची मादी, अंडाशय ठीक, पण पिशवी कामातून गेलेली. म्हणून कुणी "अजून लहान आहे, बघू पुढं" म्हणत असेल तर ते चूक आहे, पहिली वेत वेळेत व्हायला पाहिजे.

जुळे_सोलापूर

सगळे विद्वान जमलेत आणि चित्ता कसा गाभण राहील यावर बोलताय. पण त्याला गाभण ठेवायचं कशाला, हे कुणीच विचारत नाही.

दक्षा आठवते का? ९ मे २०२३. दक्षिण आफ्रिकेतून आणलेली मादी, कुनोतल्या मोठ्या कुंपणात होती. तिच्याकडं अग्नी आणि वायू हे दोन नर सोडले, जुळावं म्हणून. त्यांनी तिला एवढं जखमी केलं की ती मेली. कुंपणात तिला पळायला जागा नव्हती. दादा, तुमच्या गल्लीच्या शेवटी एक फाटक आहे ना, ते फाटक उघडणारा माणूसच असतो, मादी नाही.

त्याआधी मार्चमध्ये साशा किडनीनं गेली, नामिबियात बंदिवासात असतानाच तिचं क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची रक्तातली खूण) वाढलेलं होतं. पिंजऱ्यातल्या चित्त्यांना हेच होतं जगभर, किडनी, जठराची सूज, लिव्हर. रानातल्यांत हे आजार क्वचित. म्हणजे पिल्लं झाली तरी ती पिल्लं आयुष्यभर आजारी राहायला जन्माला घालायची? इराणचं बघा, आशियाई चित्ता मूठभर उरलाय, मे २०२२ ला बंदिवासात सिझेरियन करून तीन पिल्लं काढली, आईनं जवळ घेतलं नाही, दोन लगेच गेली आणि तिसरा पिरूझ, त्याला माणसांनी बाटलीनं वाढवला, अख्खा देश त्याच्यावर जीव लावून बसला होता, तोही दहा महिन्यांत किडनीनं गेला.

मला त्या पिरूझचा माणसाच्या पायाशी झोपलेला फोटो अजून विसरता येत नाही. मी तरी याला यश म्हणणार नाही.

माळावरचा_सोलापूरकर

दक्षाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्यावर मी वाद घालणार नाही. दोन नर एकदम एका मादीवर सोडणं आणि तिला निघून जायला वाट न ठेवणं ही चूकच होती. पण बघा, ही चूकही ठेवण्याचीच आहे, रक्ताची नाही. मी तेच म्हणतोय.

आजारांचंही तसंच. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत चित्त्यांना जो तयार खुराक द्यायचे त्यात सोयाबीन होतं, त्यातले मादी हार्मोनसारखे घटक लिव्हर आणि पिल्लं न होणं या दोन्हींशी जोडले गेले. नुसतं हाडाशिवाय मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडून पिल्लांचे पाय वाकतात. आणि सततची भीती तर आहेच, ज्या जनावराचा सगळा जीव पळण्यात आहे त्याला चारी बाजूंनी माणसं आणि शेजारच्या पिंजऱ्यात सिंहाचा वास. पोट बिघडणारच. हे सगळं बदलता येतं.

नान्नजची_लेक

मी त्याच गावची आहे जिथं तुम्ही सगळे दुर्बीण घेऊन येता. माझे आजोबा मेंढरं घेऊन त्या माळावर जायचे, त्यांनी माळढोकाचं अंडं बघितलेलं, एकच, उघड्या जमिनीवर, खाली ना काडी ना पान, ढेकळासारखंच दिसतं म्हणायचे, पाय पडता पडता वाचलं. त्यांनी त्या बाजूला कळप न्यायचाच बंद केला त्या मोसमात, आणि आम्हाला सांगायचे की तिकडं बाई बसलीय.

आता मी आजोबांच्या वयाची होईन तेव्हा सांगायला काय असेल माहीत नाही. १९७९ पासून अभयारण्य आहे आणि पक्षी दिसला तर बातमी होते अशी वेळ आलीय. तुम्ही चित्त्याच्या पिंजऱ्यावर भांडताय, मला वाईट वाटतं ते याचं की बंदिवासात जन्म घडवून आणायचं हे सगळं शास्त्र ज्याला आत्ता सगळ्यात जास्त लागतंय तो आपल्या दारातला पक्षी आहे. राजस्थानात जैसलमेरला करतात, २०१९ पासून अंडी गोळा करून पिल्लं वाढवतात, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. तिथं कुणी म्हणत नाही की पिंजरा वाईट म्हणून राहू द्या. म्हणून जुळे सोलापूर दादांशी मी सहमत नाही. शेवटचे थोडे उरले की बंदिवास हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

पण मूळ धाग्याशीही पूर्ण सहमत नाही. गल्ली काढली, पिल्लं झाली, मग सोडणार कुठं? माळ नांगरला गेला, सोलर आलं, तारा आल्या. चित्त्यालाही माळच लागतो आणि माळढोकालाही.

जुळे_सोलापूर

ताई, मी हेच म्हणत होतो फक्त तुम्ही नीट मांडलं. आधी माळ.

सूक्ष्मदर्शकाखाली

डॉक्टरांनी गर्भाशयाचं लिहिलं त्याला जोडून. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेत कोलंबसच्या प्राणिसंग्रहालयात एक गोष्ट झाली. किबिबी नावाच्या साडेसहा वर्षांच्या मादीला कधीच पिल्लं झाली नव्हती, तिची अंडी काढून लॅबमध्ये नराच्या रेताशी फलित केली आणि गर्भ इझी नावाच्या तीन वर्षांच्या तरुण मादीच्या पोटात ठेवला. १९ तारखेला दोन पिल्लं झाली, चित्त्यात असं पहिल्यांदाच. डॉक्टर म्हणाले तेच, अंडी चांगली, पिशवी नाही.

याचा उपयोग मला दिसतो तो असा की ज्या मादीला एकही पिल्लू नाही तिची जनुकं तिच्याबरोबर मातीत जात नाहीत. त्याच त्या दोनचार यशस्वी जोड्यांची पिल्लं वाढवण्यापेक्षा हे बरं. दादा, रानातल्या माद्या त्याच रेतावर गाभण राहतात हा तुमचा मुद्दा मी काल दिवसभर डोक्यात घोळवला आणि त्याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. मान्य करते. पिल्लं न होण्याचं मुख्य कारण ठेवणं. पण रोग आला की जनुकं, यावरून मी हलणार नाही. ओरेगॉनमध्ये पिंजरा सिंहांनाही होता.

माळावरचा_सोलापूरकर

हे मला मान्य ताई. सिंहांचा मुद्दा मला आधी सुचलाच नव्हता.

जनावरांचा_डॉक्टर_बार्शी

एक राहिलं, पिरूझवरून आठवलं. आईनं जवळ घेतलं नाही म्हणून तिला दोष देऊ नका. सिझेरियननंतर भूल उतरली की गाईसुद्धा कधीकधी वासराला लाथ मारते, वारेचा, म्हणजे जाराचा, वास नाही, चाटलं नाही, तिला ते आपलं वाटतच नाही. आणि चित्त्याच्या मादीला एकच पिल्लू राहिलं तर ती बऱ्याचदा सोडून देते, एकानं ओढून दूध टिकत नाही. मग लगेच परत माजावर यायला मोकळी. आपल्याला क्रूर वाटतं पण तिचा हिशोब वेगळा आहे.

आणि म्हणूनच मुखीची बातमी माझ्यासाठी फार मोठी आहे. मुखीची आई ज्वाला, तिची चार पिल्लं, मे २०२३ च्या उन्हात तीन गेली, तापमान ४६-४७ होतं म्हणतात, आपल्याला सोलापुरात ते ऊन काय असतं सांगायला नको. मुखी एकटी उरली, तीही अशक्त, उचलून दवाखान्यात नेली, मग आईनं घेतलीच नाही. माणसांनी वाढवली. अशा मादीला, जिनं आईला पिल्लू चाटताना बघितलं नाही, शिकार आईकडून शिकली नाही, तिला पाच पिल्लं झाली आणि ती त्यांना पाजतेय. मी ही बातमी वाचून दवाखान्यातल्या पोराला मोठ्यानं वाचून दाखवली.

जुळे_सोलापूर

डॉक्टर, पाजतेय हे ऐकून बरं वाटलं, खरंच. पण त्या पाचांना अजून पहिला मे महिना बघायचाय.

जनावरांचा_डॉक्टर_बार्शी

हो. आणि पहिला पावसाळाही. २०२३ ला कुनोतल्या चित्त्यांना गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याखाली ओल धरून जखमा झाल्या आणि त्यात किडे पडले ते पावसाळ्यातच, आफ्रिकेतल्या हिवाळ्याच्या हिशोबानं अंगावर दाट केस आलेले होते त्यांच्या. ही पिल्लं इथं जन्मलीत, त्यांचे केस कुठल्या ऋतूला दाट होतात ते मला बघायचंय.

नान्नजची_लेक

डॉक्टर, हे कळलं की इथंच लिहा. आणि माळढोक बघायला कोण येणार असेल तर पहाटे या, ऊन वर आल्यावर नका येऊ, आणि गाडी पायवाटेवर घालू नका.